आधी साखळी, मग सायलेन्सर

प्रश्न : माझी चेनसॉ ५५ सीसीची आहे, बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) १८ इंची. ऐकलं की सायलेन्सर मोकळा केला, सिलिंडरखालचं गॅस्केट काढलं आणि फ्लायव्हीलची चावी घासली की हेच मशीन ७० सीसीच्या तोडीचं चालतं. ही तीन कामं कोणत्या क्रमाने करावीत?

उत्तर : तिन्ही केलीत तरी ५५ सीसीचं ७० होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. क्रम विचारलात तर तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा. साखळी.

एक सरळ, गाठी नसलेला ओंडका घ्या, नीट आधार देऊन पक्का करा आणि स्टॉपवॉच लावून तीन-चार काप मारा. वेळ लिहून ठेवा. पुढे काहीही बदललंत की त्याच ओंडक्यावर पुन्हा मोजायचं. कानावर विश्वास ठेवू नका. सायलेन्सर उघडला की आवाज वाढतो आणि वाढलेला आवाज माणसाला वाढलेली ताकद वाटतो. ‘दुप्पट चालतंय’ म्हणून माझ्याकडे आणलेली मशीन घड्याळासमोर बऱ्याचदा जेमतेम पुढे सरकलेली दिसतात.

मग साखळीला धार लावा. .३२५ पिचला (पिच म्हणजे साखळीच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर, इंचांत) ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची, यातली कोणती ते साखळी बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. बहुतेक साखळ्यांना वरच्या पात्याचा कोन २५ ते ३० अंशांचा चालतो. सगळे कटर (साखळीवरचे कापणारे दात) एकाच लांबीचे राहायला हवेत, कारण आजची साखळी डावा-उजवा असे आळीपाळीने घास घेत जाते. ही रचना जो कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याची. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखले आणि ती डावी-उजवीकडे कुरतडते हे त्याच्या लक्षात आलं. त्यामुळे एका बाजूचे कटर आखूड झाले की काप वाकडा जातो, बार खाचेत घासतो आणि इंजिनाची ताकद लाकडाऐवजी त्या घासण्यात जिरते.

कटरच्या पुढचा उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, कटरच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. लोक धार लावतात आणि हा तसाच सोडतात. कटर झिजत खाली येतो, गेज उंच राहतो, मग कितीही धार लावा, साखळी लाकडावरून नुसती सरकते. उलट ‘जरा जास्त खाऊ दे’ म्हणून गेज मनाने घासला तर मशीन हिसके मारतं आणि बारचं टोक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. गेज मोजायची पट्टी मिळते, ती वापरा. धार बरोबर असेल तर जाड कपचे उडतात आणि बार आपल्या वजनानेच लाकडात उतरतो. पिठासारखा भुसा पडत असेल आणि मशीन दाबावं लागत असेल, तर सायलेन्सरचा विचारच नको.

एवढं झालं की सायलेन्सर. माझ्या मते तुमच्या तीन कामांपैकी करण्यासारखं हे एकच. कंपनीने आवाज आणि धूर आवरण्यासाठी बाहेरचं तोंड लहान ठेवलेलं असतं. मशीनवर असताना त्यात ड्रिल घालू नका. सायलेन्सर पूर्ण काढा, पिस्टन अशा जागी फिरवून ठेवा की एग्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं तोंड) झाकला जाईल, आणि पोर्टमध्ये कापड कोंबा. लोखंडाचा एक कण आत गेला तरी सिलिंडरवर ओरखडा उमटतो.

भोक किती मोठं? कारागिरांचा आडाखा असा की बाहेर पडायच्या वाटांचं एकूण क्षेत्रफळ पोर्टच्या तोंडाच्या ८० टक्क्यांवर नेऊ नये. समजा पोर्ट २५ गुणिले १६, म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर आहे. मग हद्द ३२०. मूळचं भोक १२ मिलिमीटरचं असेल तर ते ११३ चौरस मिलिमीटर झालं. शेजारी १६ मिलिमीटरचं दुसरं पाडलंत तर २०१ ची भर, एकूण ३१४. पुरे. आत पडदा असेल तर तोही पाहा. वाट आतच अडलेली असेल तर बाहेर भोक पाडून काही होत नाही. कडा घासून गुळगुळीत करा. नव्या भोकातला झोत प्लॅस्टिकवर, बारवर किंवा तुमच्या हातावर येता कामा नये. आणि ठिणग्या अडवणारी जाळी दोन्ही तोंडांवर हवीच. जाळीने ताकद जाते म्हणणाऱ्यांनी ती ब्रशने साफ करून पाहावी. वाळल्या गवतात जाळीशिवाय मशीन चालवायला कित्येक देशांत कायद्यानेच बंदी आहे. मशीन वॉरंटीत असेल तर ती या कामाने गेली असं समजा, आणि कानांवर मफ हवेतच. मूळ मशीनच ११० डेसिबलच्या आसपास ओरडतं.

आता खरं नाजूक काम. वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढतं, पण कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) जुन्याच मापाने पेट्रोल देतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, आणि वर उष्णता जास्त. पिस्टनला एग्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे पडू लागतात आणि एक दिवस तो पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. गंमत अशी की पकडण्याच्या आधी मशीन सगळ्यात झकास चालतं. हलकं, तिखट, झटकन रेस घेणारं. त्याच्यावर भुलू नका.

जुळवायचं असं. फिल्टर स्वच्छ, बार आणि साखळी चढवलेली, मशीन काही काप मारून गरम केलेलं. आधी L स्क्रू (कार्बोरेटरवरचा, कमी रेसच्या पेट्रोलचा) : आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडलेली रेस, सर्वांत चढेल ती जागा शोधा, तिथून थोडा उघडा, थ्रॉटल दाबल्यावर अडखळ न येता रेस यायला हवी. मग आयडलचा स्क्रू असा ठेवा की मशीन बंद पडत नाही आणि साखळीही फिरत नाही. शेवटी H, जास्त रेसच्या पेट्रोलचा स्क्रू. डावीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं. पूर्ण थ्रॉटलवर, साखळी हवेत असताना, आवाजात हलकी फडफड ऐकू आली पाहिजे. बार लाकडात घातला की ती जाऊन आवाज स्वच्छ व्हावा, बाहेर काढला की परत यावी. लाकडातही फडफड राहिली तर पेट्रोल जास्त आहे, जेट किंचित मिटा. हवेतही नुसती सरळ किंकाळी असेल तर मशीन ताबडतोब उतरवा आणि जेट उघडा.

यात एक फसवणूक आहे. कित्येक मशीनच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये रेस मर्यादित करणारी सोय असते. ठरलेल्या आरपीएमला ती ठिणग्या गाळते आणि तोही आवाज फडफडीसारखाच येतो. ऐकणारा म्हणतो मिश्रण छान आहे, आणि आत इंजिन कोरडं जळत असतं. म्हणून टॅकोमीटर (मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम, मोजणारं यंत्र) वापरा. या गटातल्या बऱ्याच मशीनची कमाल रेस १२,५०० ते १४,००० आरपीएममध्ये असते. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा आणि त्याच्या थोडं खालीच राहा. स्क्रूवरच्या मर्यादा टोप्यांमुळे जेट पुरेसा उघडत नसेल, तर सायलेन्सर तेवढा मोकळा करू नये, असा त्याचा सरळ अर्थ. त्या टोप्या धुराच्या नियमांसाठी बसवलेल्या असतात.

गॅस्केटचं काय? मापाशिवाय हात लावू नका. स्पार्क प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घाला, दोरी हळू ओढून पिस्टन वरून जाऊ द्या आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. पिस्टन-पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना. ती जागा, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यामधली फट, १ मिलिमीटर आणि गॅस्केट अर्धा मिलिमीटर असेल तर काढल्यावर अर्धा उरतो, आणि याच्या खाली जायचं नाही. मुळातच ०.७ असेल तर विषय संपला. शिवाय सिलिंडर खाली आला की पोर्टही खाली येतात : एग्झॉस्ट उशिरा उघडतो, इनटेक (मिश्रण आत यायची वाट) जास्त वेळ उघडा राहतो. खालच्या रेसला ओढ वाढते, वरची धाव थोडी आखडते. त्यात गॅस्केटच्या जागी सीलंट नीट बसला नाही तर तिथून हवा शिरणार आणि मिश्रण पुन्हा लीन. रोज पोट भरणाऱ्या मशीनवर मी हे करत नाही.

चावी घासण्याला माझं स्पष्ट नाही. फ्लायव्हील शाफ्टच्या उतारावर घट्ट बसून राहतं, चावी फक्त त्याची जागा ठरवते. ती घासून ठिणगी काही अंश आधी आणता येते, हे खरं. पण मिळकत थोडी, आणि बदल्यात सुरू करताना दोरी उलट हिसका देते. बोटं तुमची आहेत.

प्रश्न : सात दात्यांच्या स्प्रॉकेटऐवजी (साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाऐवजी) आठ दात्यांचं बसवलं तर काप वेगाने होतो का? माझी साखळी .३२५ आहे.

उत्तर : साखळीचा वेग सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. ओढ त्याच प्रमाणात कमी होते; इंजिन तेच आहे. दर दात्याला साखळी दोन पिच पुढे जाते, म्हणून तुमच्या पिचला सात दात्यांवर एका फेऱ्यात ४.५५ इंच साखळी जाते, आठवर ५.२ इंच. ३/८ ची साखळी सात दात्यांवर ५.२५ इंच जाते. म्हणजे आठ दात्यांचं .३२५ वेगाच्या बाबतीत सात दात्यांच्या ३/८ शी जवळजवळ बरोबरीला येतं. त्यात जगावेगळं काही नाही.

१३ ते १६ इंची बार, मऊ लाकूड, फांद्या-डहाळ्या : बसवा, आवडेल. १८ इंची बार कठीण लाकडात पूर्ण बुडवत असाल तर इंजिनाची रेस पडेल, क्लच घसरून तापेल आणि काप आधीपेक्षा हळू होईल. साखळीची लांबी अपुरी पडते का तेही आधी बघा. जुन्या स्प्रॉकेटवर साखळीने अर्धा मिलिमीटर खोल खाच पाडली असेल तर दात्यांची संख्या राहू द्या, नवं तेच बसवा.

प्रश्न : माझ्या मशीनच्या कार्बोरेटरला H-L स्क्रूच नाहीत, सगळं आपोआप जुळतं. सायलेन्सर मोकळा करता येईल?

उत्तर : येईल, पण हात आखडता ठेवून. इलेक्ट्रॉनिक्स मिश्रण सावरतं ते त्याच्या आवाक्यापुरतं. आवाका संपला की ते तुम्हाला सांगायला येत नाही, आणि तुमच्या हाती फिरवायला स्क्रूही नाही. भोक ८० टक्क्यांच्या आडाख्याच्या बरंच आत ठेवा, मॅन्युअलमध्ये कॅलिब्रेशन दिलं असेल तर ते करा, मग काही मिनिटं लाकडात भार देऊन चालवा, म्हणजे ते नव्याने जुळवून घेईल.

प्रश्न : बदल केल्यावर सुरक्षित म्हणून ५०:१ ऐवजी २५:१ ऑइल घालतो. ठीक?

उत्तर : नाही. लिटरमागे २० मिलिलिटरचे ४० झाले, म्हणजे तेवढी पेट्रोलची जागा ऑइलने घेतली. जेटमधून जाणारं पेट्रोल उलट घटलं, मिश्रण किंचित लीन झालं. शिवाय प्लगवर आणि पोर्टमध्ये काजळी. कंपनीने सांगितलेलं प्रमाण, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, ताजं पेट्रोल. प्रमाण बदलायचंच असेल तर H पुन्हा जुळवायला लागेल.

प्रश्न : सायलेन्सर उघडून जेट जुळवला. तरी थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, क्षणभर वरच रेंगाळते. H आणखी उघडू का?

उत्तर : H ला हात लावू नका, तो या तक्रारीचा स्क्रू नाही. L पाव फेरा उघडून पाहा. फरक पडला तर तेवढंच होतं. नाही पडला तर कुठून तरी हवा शिरते आहे : कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट चिरलेला, नाहीतर क्रँकचं सील गेलेलं. आयडलवर मशीन डाव्या-उजव्या कुशीवर कलवा; आवाज बदलला तर सीलवर संशय घ्या. पक्कं निदान दाबाच्या चाचणीने होतं : इनटेक आणि एग्झॉस्ट बंद करून अर्धा बार (इथे बार हे दाबाचं एकक) दाब द्यायचा, मग तितकाच व्हॅक्यूम, आणि काटा स्थिर राहतो का पाहायचं. व्हॅक्यूमची चाचणी गाळू नका. काही सील आतून दाब धरतात आणि बाहेरची हवा मात्र आत सोडतात. तोवर या मशीनने एकही काप मारू नका.