घर तुमच्या व्हिसावर उभे राहणार असेल तर

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ३१ आहे, पुण्यातील कंपनीचे काम कोल्हापूरच्या राजारामपुरीतील घरातून करता, जावामधील आठ वर्षांचा अनुभव आहे, जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने वर्षाला ५८,००० युरोंचा प्रस्ताव दिला आहे आणि पतींचे उद्यमनगरात मशीनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. "ताई, जावे का, आणि गेल्यास माझे करिअर खरोखर पुढे सरकेल का," असे तुम्ही विचारले आहे. मीही कोल्हापूरचीच, शाहूपुरीची, काही वर्षे पुण्यात नोकरी करून २०१४ मध्ये श्टुटगार्टला आले.

कागदपत्रांचा भाग तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या वास्तव्य-परवान्यासाठी, २०२५ साली वार्षिक पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो होती, त्यामुळे तुमचा प्रस्ताव तिच्या बराच वर आहे. अर्ज करताना चालू वर्षाचा आकडा तेवढा तपासा. अनाबिन या जर्मन सरकारी यादीत शिवाजी विद्यापीठाची आणि तुमच्या पदवीची नोंद पाहून तिची छापील प्रत अर्जासोबत जोडा. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि जर्मन भाषेची बी-१ ही मध्यम पातळी गाठली असेल तर २१ महिन्यांनी. हे सहा महिने वाचतात म्हणून नव्हे, तर भाषेवाचून या देशात आपण कायम पाहुणेच राहतो म्हणून बी-१ करा.

तुमच्या पत्रात पतींविषयी एकच वाक्य आहे, आणि मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते त्याच वाक्याविषयी. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला भाषेची परीक्षा न देता येता येते आणि पहिल्या दिवसापासून काम करण्याची परवानगी असते. मात्र परवानगी असणे आणि काम मिळणे यांत आमच्या घरी जवळजवळ दोन वर्षांचे अंतर पडले. माझ्या पतींनी शिरोलीच्या फाउंड्रीत नऊ वर्षे काढली होती, ओतकामातला दोष ते तुकडा हातात घेऊन सांगत. पण इथल्या कारखान्यात सुरक्षेच्या सूचनांपासून चहाच्या सुट्टीतील गप्पांपर्यंत सगळे जर्मनमध्ये चालते, आणि त्यातही श्वाबेन भागाच्या बोलीत. लोकशिक्षण केंद्राच्या वर्गाला ते सकाळी जात आणि दुपारी घर सांभाळत. "जावई काय करतात?" असे कोल्हापूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर कोणी ना कोणी विचारी, आणि मी "कोर्स चालू आहे" असे घाईघाईने सांगून विषय बदलत असे. त्या घाईचा त्यांना कोणत्याही टोमण्यापेक्षा जास्त त्रास होत होता, हे मला फार उशिरा कळले. (इथे जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती पाटी समजावून सांगता सांगता त्यांना वर्गापेक्षा अधिक जर्मन शिकवले.) कागदोपत्री त्यांचे वास्तव्य माझ्या वास्तव्याला जोडलेले होते, माझी नोकरी गेली असती तर प्रश्न दोघांचाही झाला असता. पुरुष कमावता असताना ही गोष्ट घरात कोणी उच्चारत नाही, बाई कमावती असली की ती रोज जेवणाच्या ताटाशी येऊन बसते. म्हणून निघण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून बोला. पती दोन वर्षे बिनपगारी राहिले तर घरखर्च, वर्कशॉपचे हप्ते आणि त्यांचा मान यांचे काय, ते आधी ठरवा.

पैशाचा एक मुद्दा बायकांच्या विशेष कामाचा आहे. एकट्या माणसाच्या हाती कपातीआधीच्या पगाराच्या साधारण साठ ते पासष्ट टक्के रक्कम येते. विवाहितांना करवर्ग निवडता येतात. एकटी कमावती असताना तुम्ही तिसरा वर्ग घेऊ शकता, त्यात दरमहा कर कमी कापला जातो; जोडीदाराच्या वाट्याला मग पाचवा येतो, त्यात जास्त. पुढे पतींना नोकरी लागली की "त्यांना तीन, तुम्हाला पाच" असा सल्ला कोणीतरी देईल. वर्षअखेरीस विवरणपत्र भरल्यावर दोघांचा मिळून कर सारखाच होतो, पण बाळंतपणानंतरचा पालकभत्ता हातात पडणाऱ्या पगारावर मोजतात. पाचव्या वर्गातल्या बाईला तो कमी मिळतो. मूल हवे असेल तर हा हिशेब वेळेआधी, म्हणजे बाळंतपणाच्या रजेच्या किमान सात महिने आधी करावा लागतो.

आता करिअर. गरोदरपणात नोकरीवरून काढता येत नाही आणि पालकरजा तीन वर्षांपर्यंत घेता येते. हे कायदे खरे आहेत आणि पाळलेही जातात. माझी मुलगी २०१८ ची. चौदा महिन्यांनी आठवड्याला ३० तासांवर परतले तेव्हा माझे पद आणि तासांच्या प्रमाणात पगार शाबूत होता; फक्त नव्या प्रणालीची रचना ठरवणारी बैठक दुपारी चारला ठेवलेली असे आणि मला साडेतीनला पाळणाघराकडे निघावे लागे. दीड वर्ष मी जुन्या कोडमधले दोष काढत बसले. कोणी अपमान केला नाही, कोणी नियम मोडला नाही, म्हणूनच तक्रार कशाची करावी हे सुचत नव्हते. शेवटी मी कंपनी बदलली आणि नव्या ठिकाणी मुलाखतीतच विचारले की निर्णयाच्या बैठका किती वाजता होतात. तुम्हीही विचारा, त्या उत्तरावरून पदाच्या नावापेक्षा जास्त कळते. तांत्रिकदृष्ट्या मी पुण्यातच अधिक वेगाने शिकत होते, हेही प्रामाणिकपणे सांगते. इथे मिळाली ती सावकाश विचार करण्याची मुभा, आणि पंचेचाळिशीतही व्यवस्थापक न होता प्रोग्रामरच राहता येईल ही शाश्वती. मला तेच हवे होते. तुम्हाला टीम हाताखाली हवी असेल तर पुणे सोडण्याची घाई करू नका.

आई-वडिलांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच ओलांडली होती आणि मी कार्यालयात बसून राजाराम बंधाऱ्याचे आकडे दर अर्ध्या तासाने पाहत होते. आई-बाबांना शेजाऱ्यांनी हलवले. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आई-वडिलांना कायमचे आणण्याची तरतूद आता झाली आहे. मी त्याआधीची असल्याने मला ती लागू नाही, तुम्हाला लागू होईल. मात्र त्यांचा आरोग्य विमा हाच त्यातला मोठा अडसर आहे. तो विषय आधी तपासा, मगच घरी आशा लावा.

माझे मत विचाराल तर जा, पण दोघांनी एकदम निघू नका. पहिले सहा महिने परीक्षाकाळाचे असतात आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. तेवढे दिवस एकटीने भाड्याच्या खोलीत काढा. पतींनी तोवर कोल्हापुरातूनच ऑनलाइन जर्मनच्या ए-१ आणि ए-२ या पहिल्या दोन पातळ्या उरकाव्यात, आणि परीक्षाकाळ संपल्याचे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत वर्कशॉपची एकही मशीन विकायला काढू नये.