दिवसभर ग्राहकांशी गोड बोलून मान, जबडा आणि डोकं का दुखतं?

तुमचा प्रश्न आहे की काउंटरवरच्या कामात ओझं उचलावं लागत नाही, नुसतं बोलायचं असतं, तरी संध्याकाळी अंग का मोडून येतं. हा मनाचा खेळ नाही. राग गिळून हसतमुख राहणं हीसुद्धा मेहनतच आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसेविकांच्या कामावर लिहिताना त्याला 'भावनिक श्रम' म्हटलं.

ग्राहक अंगावर ओरडला की अ‍ॅड्रेनलिन हे ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरक वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, खांदे वर ओढले जातात. चेहऱ्यावर राग दिसू दिला नाही म्हणून यातलं काहीच थांबत नाही. उलट राग दाबताना शरीराला जास्त जोर लावावा लागतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा ट्रॅपिझियस स्नायू मग तासन्‌तास थोडासा आखडलेला राहतो. ताण थोडाच असतो, पण सुटत नाही, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. जबड्याचंही तसंच. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. आत्ता तुमचे टेकलेत का, बघा.

वाईट ग्राहक गेल्यावर पुढच्याला बोलावण्याआधी एक मिनिट घ्या. ओठ मिटलेले, दात सुटे. खांदे कानांपर्यंत उचला, ५ सेकंद धरा, सोडून द्या. मग नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ ते ८ सेकंद बाहेर, असं पाच-सहा वेळा. नाडी मंदावते ती श्वास सोडताना, म्हणून तोच लांबवायचा. बरेच जण घाईघाईने मोठमोठे श्वास घेतात आणि त्यांना गरगरतं.

बाथरूमला जायला सुट्टी मिळत नाही म्हणून पाणी पिणं कमी करू नका. डोकेदुखी वाढते, लघवीचा संसर्गही होऊ शकतो.

मात्र सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की मागण्या भरपूर आणि निर्णयाचा अधिकार नाही, अशा कामात ताण सर्वाधिक असतो. शिवीगाळ करणाऱ्याचा फोन ठेवण्याची, छोटा परतावा स्वतः मंजूर करण्याची मुभा साहेबांकडे लेखी मागा.

रक्तदाब ५ मिनिटं शांत बसून मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असेल तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.