सेकंदाला किती सर्च? आधी क्लायंटकडे बघा

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे युजर, पासवर्ड, ग्रुप यांच्या नोंदी एका जागी ठेवणारा सर्व्हर. त्याची सर्च चाचणी कशी घ्यायची, यावर कोल्हापूर परिसरातल्या वाचकांचे बरेच प्रश्न आलेत. त्यातले निवडक.

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी सगळी पोरं एकदम लॉगिन करतात आणि मशिन अडकतात. आमचा डिरेक्टरी सर्व्हर, ओपनएलडॅप, किती झेपवतं ते बघायला एका मशिनवरून शेल स्क्रिप्टमध्ये एलडॅपसर्च कमांडचे दोनशे लूप एकदम सोडले. सुरुवातीला बरं चाललं, मग ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असे एरर. सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत. नवीन सर्व्हर घ्यायचा का? (राजारामपुरी)

उत्तर : घेऊ नका. तुम्ही सर्व्हर मोजलाच नाही, तुमचं क्लायंट मशिन मोजलंत.

लूपच्या एका फेरीत काय घडतं ते बघा. नवीन प्रोसेस सुरू होते, लायब्ररी लोड होतात, टीसीपी कनेक्शन जुळतं, बाइंड (म्हणजे ओळख पटवणं) होतं, मग एकदाचा सर्च होतो आणि कनेक्शन तुटतं. यात सर्चचा वाटा अगदी किरकोळ. वर, कनेक्शन क्लायंटनं आधी बंद केलं की त्याचा पोर्ट (कनेक्शनला मिळालेला क्रमांक) लिनक्सवर ६० सेकंद टाइम-वेट, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेच्या, अवस्थेत अडकून राहतो. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरतं, म्हणजे २८,२३२. साठ सेकंदांनी भागा : एका मशिनवरून एकाच सर्व्हरकडे सेकंदाला साधारण ४७० नवीन कनेक्शन, त्याच्या वर टिकत नाही. सुरुवातीला बरं चाललं ते पोर्ट शिल्लक होते म्हणून. चाचणी चालू असताना क्लायंटवर ‘एसएस’ कमांड देऊन टाइम-वेटच्या ओळी मोजा, खात्री पटेल.

कनेक्शन उघडं ठेवून त्यावरूनच सर्च पाठवत राहणारं साधन घ्या. अनबाउंडआयडी एलडॅप एसडीकेसोबत येणारं ‘सर्चरेट’ मोफत आहे. थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे) किती, फिल्टर (शोधायची अट) कोणता, सेकंदाला जास्तीत जास्त किती, हे सगळं त्यात ठरवता येतं. ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’ हा दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांकडे ‘एलडीसीएलटी’ असतं. साधन सर्व्हरच्याच मशिनवर चालवू नका, दोघं एकाच सीपीयूवर भांडत बसतात. आणि एक पडताळणी कधीच चुकवू नका : तोच भार एका क्लायंट मशिनवरून द्या, मग दोन मशिनवर वाटून द्या. दोन मशिनवर एकूण आकडा वाढला, तर पहिला आकडा सर्व्हरचा नव्हताच.

आता तुमच्या पोरांचं लॉगिन. त्यात नुसता सर्च नसतो. आधी नावावरून युजर शोधला जातो, मग पासवर्ड तपासायला बाइंड, मग तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे याचा सर्च. पासवर्ड हॅश (पासवर्डचं साठवलेलं गुप्त रूप) मुद्दाम जास्त गणित करायला लावणारा असेल तर खरा सीपीयू बाइंडच खातो. म्हणून बाइंड आणि सर्च वेगवेगळे मोजा, आणि ग्रुपचा सर्च विसरू नका. माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. का, ते पुढे इचलकरंजीच्या उत्तरात.

प्रश्न : १६ क्लायंट थ्रेडला सेकंदाला ८००० सर्च आणि सरासरी २ मिलिसेकंद. ६४ केले तर सर्च ८०००च, पण वेळ ८ मिलिसेकंद. सर्व्हर बिघडलाय का? (कागल)

उत्तर : सर्व्हर ठणठणीत आहे आणि तुमचे आकडे एकमेकांशी चोख जुळतात. ६४ भागिले ८००० म्हणजे ८ मिलिसेकंदच. एकावेळी आत असलेल्या मागण्या म्हणजे सेकंदाचा वेग गुणिले लागणारा वेळ. हा लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला.

साखर कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. फडातून आणखी चाळीस ट्रॅक्टर धाडले म्हणून गाळप वाढत नाही, काट्यावरचा नंबर तेवढा लांबतो. तुमचं तेच झालंय. सर्व्हरच्या बाजूला ओपनएलडॅपचे स्वतःचे थ्रेड मुळात १६ असतात. ते वाढवण्याआधी सीपीयूचे कोर भरलेत का ते बघा. भरले असतील तर थ्रेड वाढवून हाती काही लागणार नाही. २.५ आवृत्तीपासून लॉगमध्ये रांगेत गेलेला वेळ ‘क्यूटाइम’ आणि एकूण वेळ ‘ईटाइम’ असे वेगळे दिसतात, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. अहवालात १, २, ४, ८ असे थ्रेड वाढवत वेग आणि वेळ दोन्ही लिहा. वेग सपाट व्हायला लागतो ती जागा महत्त्वाची, त्यापुढचे आकडे फक्त प्रतीक्षेचे.

प्रश्न : पहिली फेरी संथ, दुसरी सुसाट. खरी कुठली? (गोकुळ शिरगाव)

उत्तर : दोन्ही. पहिली डिस्कवरची, दुसरी मेमरीतली. सर्व्हरचा प्रोग्रॅम रिस्टार्ट केला म्हणून कॅशे (मेमरीतली तात्पुरती साठवण) रिकामी होते असं समजू नका. ओपनएलडॅपचा एलएमडीबी डेटाबेस मेमरी-मॅप असतो, म्हणजे फाइल थेट मेमरीला जोडलेली असते, आणि तिची पानं ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशेत तशीच राहतात. रोजचा अंदाज हवा असेल तर आधी थोडा वेळ सर्च चालवून तापवा, मग मोजा. फक्त सगळे क्लायंट एकाच युजरला शोधत नाहीत ना, हे बघा. एकच नाव लाखवेळा विचारून आलेला विक्रमी आकडा मिरवायला ठीक.

प्रश्न : युजर आयडीनं शोधलं की झटकन, ईमेलच्या तुकड्यानं शोधलं की दहा क्लायंटमध्येच सर्व्हर गुडघे टेकतो. (इचलकरंजी)

उत्तर : इंडेक्स (नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नाही. दुसरं कारण शोधूच नका. इंडेक्स नसला की सर्व्हर एकेक नोंद उघडून बघतो. एक माणूस विचारतो तोवर खपून जातं, दहा जण आले की सगळे कोर त्यातच अडकतात आणि साध्या लॉगिनवाल्यांचीही फरफट होते. ओपनएलडॅपच्या लॉगमध्ये ‘नॉट इंडेक्स्ड’ अशी ओळ शोधा. ३८९ च्या ॲक्सेस लॉगमध्ये निकालाच्या ओळीवर ‘नोट्स बरोबर यू’ किंवा ‘ए’ दिसेल, दोन्ही बिनइंडेक्सच्या सर्चची खूण, ‘ए’ जास्त वाईट.

नेमक्या मूल्याचा इंडेक्स आणि तुकड्याचा इंडेक्स वेगळे असतात. ईमेलला पहिला असून दुसरा नसेल, तर तुमची तक्रार हुबेहूब अशीच येते. राजारामपुरीच्या लॅबमध्ये ‘मेंबरयूआयडी’वर (ग्रुपमधल्या सदस्यांची नावं ठेवणारा रकाना) इंडेक्स आहे का, तेही तपासा. जुनी कॉन्फिग फाइल वापरत असाल तर इंडेक्सची ओळ लिहून भागत नाही, सर्व्हर थांबवून इंडेक्स नव्यानं बांधणारं ‘स्लॅपइंडेक्स’ चालवावं लागतं. नाहीतर आधीच्या नोंदी इंडेक्समध्ये नसतातच आणि सर्चमधून चक्क गायब होतात.

प्रश्न : ओपनएलडॅप वेगवान की ३८९? (शाहूपुरी)

उत्तर : तुमच्या नोंदी, तुमचे फिल्टर आणि तुमचं मशिन यांवर दोन्ही चालवून बघा. दुसऱ्याच्या तक्त्यावरून ठरवू नका, माझ्यासुद्धा.

प्रश्न : चाचणीत सरासरी ४ मिलिसेकंद, तरी लोक म्हणतात मधेच लटकतं. (शिरोली एमआयडीसी)

उत्तर : लोक बरोबर आहेत. समजा २० थ्रेडनी सेकंदाला ४००० सर्च चाललेत आणि सर्व्हर एक सेकंद गोठला. तुमचे थ्रेडही उत्तराची वाट बघत थांबतात, नवीन मागणी पाठवतच नाहीत. म्हणून नोंद होते फक्त वीस वाईट सर्चची. खऱ्या कामात त्या सेकंदात चार हजार मागण्या येऊन तुंबल्या असत्या. पाच मिनिटांच्या बारा लाख सर्चमध्ये वीस म्हणजे सरासरीला धक्काही लागत नाही.

सर्चरेटला कमाल वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर बांधून अर्धा तास चालू द्या. ठरलेला वेग कुठल्या ओळीत खाली घसरतो ते बघा आणि त्याच वेळचा सर्व्हरचा लॉग ईटाइमप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा. बॅकअपची वेळ, रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर नोंदींची प्रत पाठवणं), नाहीतर एचआरच्या सॉफ्टवेअरचा रात्री उशिरा येणारा बिनइंडेक्सचा सर्च, यांपैकी एखादा तिथे सापडण्याची शक्यता मोठी.