पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

प्रश्न : नमस्कार सर. वर्षभर पैसे साठवले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी450 बोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम, 550 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), सगळं नवीन, फक्त ग्राफिक कार्ड सेकंडहँड आहे. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, लाईट लागतात, पण मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल. रात्रभर खटपट केली. दुकानदार फोनवर म्हणाला बोर्ड डेड असेल. माझ्या हातून काही जळलं का? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी घरी सांगून टाका, लपवून ठेवण्यासारखं काहीच झालेलं नाहीये. जळलं असतं तर बहुतेक वास आला असता नाहीतर एसएमपीएसनं स्वतःहून बंद होऊन दाखवलं असतं. तुमच्याकडे पंखे चालू राहतात, याचा अर्थ एसएमपीएस सुरू होतोय आणि 12 व्होल्ट पंख्यांपर्यंत पोचतायत. एवढाच अर्थ. पंखे फिरतायत म्हणजे प्रोसेसर चालू आहे असं नाही, आणि डिस्प्ले नाही म्हणजे बोर्ड गेला असंही नाही, आणि नेमकं इथंच नवीन माणूस फसतो आणि घाईघाईत पार्ट बदलायला निघतो. तुम्ही अजून काहीही विकत घेऊ नका.

पहिली गोष्ट, एचडीएमआयची वायर कुठं लावलीय ते बघा. 5600 मध्ये आतलं ग्राफिक नसतं (5600जी मध्ये असतं, त्या एका अक्षराचा फरक आहे), त्यामुळं बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयवर कधीच काही दिसणार नाही, वायर खाली ग्राफिक कार्डाच्या पोर्टलाच लागली पाहिजे. इंटेलवाल्यांनीही लक्षात ठेवा, 12400एफ सारखा शेवटी एफ असलेला प्रोसेसर असेल तर तीच गोष्ट. तुमचं कार्ड जुनं आहे म्हणताय तर त्याच्या कडेला 6 किंवा 8 पिनचं पॉवरचं तोंड आहे का बघा, असेल तर तिथं एसएमपीएसची वायर हवीच.

आता दुसरी गोष्ट आणि ही मी मुद्दाम जरा सावकाश सांगतो. बोर्डाला दोन ठिकाणी पॉवर लागते. एक ती मोठी 24 पिनवाली, ती कुणी विसरत नाही. दुसरी 8 पिनची, फक्त प्रोसेसरसाठी, ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तो कोपरा कूलर आणि कॅबिनेटचं छत यांच्या फटीत जातो, तिथं दोन बोटंसुद्धा नीट शिरत नाहीत. ही वायर नसली की अगदी तुम्ही लिहिलंय तसंच होतं, पंखे फिरतात, लाईट लागतात, बाकी शांतता. मोबाईलचा टॉर्च लावून बघा. तिथं जाणारी वायर 4 अधिक 4 अशी दुभंगते आणि तिच्यावर सीपीयू लिहिलेलं असतं. 6 अधिक 2 अशी दुभंगणारी असते ती ग्राफिक कार्डाची, ती दिसायला तशीच वाटते पण खाचा वेगळ्या आहेत, बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची वायर हातात आहे एवढंच समजा.

हे एवढं लांबून सांगायचं कारण, 2013 साली माझ्या मामेभावाचा कॉम्प्युटर असाच सुरू होईना म्हणून आम्ही एका दुकानात नेला, त्यांनी झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि बोर्ड गेलाय म्हणून नवीन बोर्डाचे पैसे घेतले. जुना बोर्ड घरी आणून मी टेबलावर जोडला, तर पहिल्याच झटक्यात सुरू. त्याची 8 पिनची वायर अर्धवट बसली होती, लॉक लागलंच नव्हतं. मामानं तो नवीन बोर्ड पगारातून घेतला होता, ते मला आजही आठवतं. म्हणून डेड हा शब्द फोनवर कुणी उच्चारला की मला राग येतो. न बघता कसं सांगता येईल?

तिसरी गोष्ट, रॅम. दोन रॅम आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. आणि नवीन बोर्डाचे स्लॉट घट्ट असतात, आपल्याला भीती वाटते बोर्ड मोडेल, म्हणून आपण अर्धवट दाबून सोडतो. दोन्ही टोकांना अंगठ्यानं सरळ दाबा, कट् असा आवाज आला पाहिजे (काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथं दुसरं टोक आवाज न करता बसतं, ते डोळ्यानं बघावं लागतं). तरी नाही झालं तर एक रॅम काढून ठेवा, एकच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, मग दुसरी. वायर मात्र दरवेळी भिंतीतून काढायची.

बोर्डाच्या उजव्या कडेला, 24 पिनच्या आसपास चार बारीक दिवे आहेत का बघा, शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट असं छापलेलं असतं. सगळ्याच बोर्डांवर नसतात. चालू केल्यावर ते एकामागून एक लागून विझतात आणि जिथं गाडी अडते तो दिवा लागून राहतो. तो दिवा कुठला हे तुम्ही पत्रात लिहिलं असतंत तर माझं निम्मं उत्तर वाचलं असतं.

आणि आता मला तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त संशय आहे त्याच्याकडे येतो. बी450 बोर्ड बाजारात आले 2018 साली. तुमचा 5600 आला 2022 साली. म्हणजे तुमचा बोर्ड जर दुकानात जुन्या स्टॉकमधला पडून राहिलेला असेल, तर त्याच्या बायोसला (बोर्डातच भरलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) हा प्रोसेसर माहीतच नाही, कारण तो बायोस लिहिला तेव्हा हा प्रोसेसर जन्मलाच नव्हता. दोन्ही वस्तू शंभर टक्के चांगल्या, फक्त ओळख नाही. अशा वेळी पंखे फिरतात, सीपीयूचा किंवा डीरॅमचा दिवा लागून राहतो आणि माणूस रॅम बदलत बसतो. बोर्डाच्या खोक्यावर रायझन 5000 डेस्कटॉप रेडी असा स्टिकर आहे का बघा. फक्त 3000 चा स्टिकर असेल किंवा स्टिकरच नसेल तर संशय पक्का धरा.

उपाय दोन. बोर्डाच्या मागं जिथं यूएसबी असतात तिथं बायोस फ्लॅशबॅकचं बारीक बटण असेल तर नशीब चांगलं, कारण त्याला प्रोसेसरनं ओळख द्यावी लागत नाही, फक्त एसएमपीएसची पॉवर लागते. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरून बोर्ड कंपनीच्या साईटवर जाऊन नेमक्या तुमच्याच मॉडेलची बायोस फाईल घ्या, मॉडेलच्या नावात शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी फाईल वेगळी असते, पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, फाईलला मॅन्युअलमध्ये दिलंय ते नाव द्या आणि खूण केलेल्या यूएसबीतच लावा. दिवा लुकलुकत राहील, तो थांबेपर्यंत हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी लाईट जायची शक्यता असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा, मधे लाईट गेली तर मात्र खरंच त्रास होईल. बटण नसेल तर बोर्ड दुकानात न्या, पण डेड आहे म्हणून नाही, जुना रायझन लावून बायोस अपडेट करून द्या असं स्पष्ट शब्दांत सांगा. ते काम दुकानात सहज होतं.

जाताना कूलर काढावा लागला तर एक काळजी घ्या. या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, 1331 बारीक पिना, आणि त्याच्यासोबत आलेल्या कूलरची पेस्ट अशी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. स्क्रू सोडवल्यावर कूलर आधी हळूहळू डावीकडे उजवीकडे फिरवा, पकड सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचला.

हे सगळं करूनही नाही झालं तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा (ज्या चंदेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर नको, तिच्या बाहेरच्या बाजूनं करंट जाऊ शकतो), प्रोसेसर, कूलर, एक रॅम, ग्राफिक कार्ड, बस. एसएसडी नाही, कॅबिनेटच्या वायरी नाहीत. असं सुरू झालं तर दोष बाहेर राहिलेल्या वस्तूत आहे, एकेक परत जोडत जा. तुमच्या पुढच्या पत्राची मी खरंच वाट बघतोय.

प्रश्न : मुलानं बारावीनंतर सुट्टीत कॉम्प्युटर जोडलाय, रायझन 5 7600 आणि डीडीआर5 ची 32 जीबी रॅम. चालू केला की स्क्रीन काळाच राहतो. दोन-तीन मिनिटं बघतो, बंद करतो, परत चालू करतो, असं काल दुपारपासून चाललंय. जेवायलाही उठला नाही. मला यातलं काही कळत नाही, पण त्याचा चेहरा बघवत नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, त्याला म्हणावं एकदा चालू कर आणि जेवायला ये. हे मी खरोखर उपाय म्हणून सांगतोय. डीडीआर5 रॅमचा वेग इतका जास्त आहे की पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसर प्रत्येक रॅमशी सिग्नल कुठल्या क्षणी नीट पोचतोय ते तपासत बसतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्या वेळात स्क्रीनवर काहीच येत नाही, मधेच मशीन स्वतःहून बंद होऊन परत चालू झाल्यासारखंही वाटतं. याला काही मिनिटं लागतात, कधी दहा-पंधरासुद्धा. तुमचा मुलगा दर तीन मिनिटांनी बंद करतोय म्हणजे ती तपासणी दरवेळी पहिल्यापासून सुरू होतेय. एकदा पूर्ण झाली की ती नोंद ठेवली जाते आणि मग रोज पटकन सुरू होतो. पुढं बायोस अपडेट केला किंवा रॅम बदलली तर परत एकदा असं होईल, तेव्हा घाबरू नका.

अर्ध्या तासानंतरही काळाच असेल तर एकच रॅम ठेवून बघायला सांगा, आणि त्याच्या 7600 मध्ये आतलं ग्राफिक आहे, त्यामुळं ग्राफिक कार्ड लावलं असेल तर ते काढून मॉनिटर बोर्डालाच जोडून बघता येईल. या प्रोसेसरला पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि त्यांना बोट लागलं तरी वाकतात, म्हणून सॉकेट परत उघडायचंच झालं तर भर उजेडात. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टाकून दिलं नसेल ना? बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते लागतं.

प्रश्न : बटण दाबलं तर काहीच होत नाही. पंखा नाही, लाईट नाही. एसएमपीएस नवीन मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) आहे. जुन्या एसएमपीएसच्या वायरी लांब आणि छान होत्या म्हणून हार्डडिस्कला आणि ग्राफिक कार्डाला त्याच वापरल्या. (एक वाचक, कणकवली)

उत्तर : थांबा. आत्ता प्लग काढा आणि त्या जुन्या वायरी आधी सोडवा. मॉड्युलर वायरींचं कॉम्प्युटरकडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या तोंडाला कुठलाही ठरलेला नियम नाही, प्रत्येक कंपनी पिना आपल्या मनानं लावते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळ्या असू शकतात. वायर बसते छान, आणि जिथं 5 व्होल्ट जायचे तिथं 12 जातात. हार्डडिस्क अशीच जळते, आतल्या फोटोंसकट. तुमचा एसएमपीएस सुरूच होत नाहीये ते बहुतेक त्यानं शॉर्ट ओळखून स्वतःला अडवल्यामुळं असेल, म्हणजे वस्तू वाचलेल्या असण्याची आशा आहे.

आता हार्डडिस्क आणि कार्ड न लावता, फक्त नव्या एसएमपीएसच्या खोक्यातल्या वायरींनी 24 पिन आणि 8 पिन जोडा, एसएमपीएसच्या मागचं बटण रेघेच्या बाजूला दाबलेलं आहे का बघा (गोल म्हणजे बंद), आणि कॅबिनेटच्या बटणावर विसंबू नका, बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पॉवर स्विचच्या दोन पिना आहेत, मॅन्युअलमध्ये बघून त्या दोघींना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर टेकवा. पंखा फिरला तर बोर्डापर्यंत पॉवर पोचतेय, दोष त्या जुन्या वायरींचा किंवा कॅबिनेटची बारीक वायर चुकीच्या पिनांवर लागल्याचा असेल. पंखा अर्धा फेरा मारून थांबला तर बोर्ड काढून खालचे पितळी स्टँड मोजा, बोर्डाला जिथं भोक नाही तिथं एखादा स्टँड राहिला असेल तर तो मागून टेकून शॉर्ट करतो.

हार्डडिस्क सगळ्यात शेवटी, नव्या वायरीनं. आणि जुन्या वायरींचा गठ्ठा करून त्याला जुन्या एसएमपीएसचं मॉडेल लिहिलेली चिठ्ठी चिकटवून त्याच्याच खोक्यात ठेवा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नकोत.