एक्स्पेक्टेड किती?

अरे,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, साडेचार मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं टेक्निकल राउंड कसा भारी गेला तेच, आणि शेवटी हळूच "एचआरने एक्स्पेक्टेड सॅलरी विचारली, म्हणजे किती पगार हवा, तर काय सांगू दादा". खरी धाकधूक तिथे आहे तर.

माझं सांगतो. हिंजवडीत पहिला जॉब बदलताना एचआरच्या मॅडमनी हेच विचारलं आणि मी म्हणालो, "अॅज पर कंपनी नॉर्म्स", म्हणजे तुम्ही द्याल ते. पैशाचं तोंडाने बोलणं म्हणजे हावरटपणा, असंच वाढलोय ना आपण. त्यांनी हसून लिहून घेतलं. सहा महिन्यांनी कॅन्टीनमध्ये कळलं की माझ्याच टीममधला, माझ्याएवढ्याच अनुभवाचा पोरगा वर्षाला लाखभर जास्त घेतोय, आणि त्याने वेगळं काय केलं तर फक्त आकडा सांगितला होता. दोन दिवस डबा तसाच परत नेला.

म्हणून आधी घरी वही घेऊन बस आणि उलटं गणित कर, हातात किती यायला हवेत तिथून मागे. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६ लाख म्हटलं की तुझ्या डोक्यात महिना ५०,००० येतात, येऊ देत, पण बघ काय होतं ते. त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर ५,००० गेले, ते वर्षाअखेरीस, तेही रेटिंग बघून. कंपनीच्या वाट्याचा पीएफ सीटीसीतच धरतात, बेसिकमधल्या (मूळ पगारातल्या) फक्त १५,००० वर धरला तर १२ टक्के म्हणजे १,८००. बेसिक २५,००० असेल तर ग्रॅच्युइटीचे साधारण १,२००, जी परमनंट माणसाला पाच वर्षं टिकल्याशिवाय सहसा मिळत नाही. राहिले ४२,०००. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की हातात ४०,०००. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ कापतात, मग अजून कमी, पैसे तुझेच असतात पण वाकडच्या घरमालकाला पीएफचं पासबुक दाखवून चालत नाही.

आता एचआरशी फोनवर कसं बोलायचं ते. तुझ्या आईला मंडईत बघ कधी, मेथी हवीच असते पण आधी "कशी दिली?" विचारते, स्वतःचा भाव नंतर. तसंच तूही आधी विचार, "या रोलसाठी बजेट काय आहे, आणि फिक्स (दर महिन्याचा ठरलेला) किती, व्हेरिएबल किती?" बऱ्याच जणी सांगतात. नाही सांगितलं आणि परत विचारलं तर मग लाजू नकोस, एकच आकडा सांग, फिक्सचा. "६ ते ७" म्हणालास की समोरच्याला ६ च ऐकू येतात, ७ तू स्वतःच्या समाधानासाठी बोललेला असतोस.

आणि आकडा सांगितला की गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे, मलाच अजून जमत नाही नीट. पलीकडे कीबोर्डचा आवाज येतो, दहा सेकंद कुणी बोलत नाही, आणि आपण घाबरून "म्हणजे निगोशिएबल आहे मॅडम" म्हणतो, कुणी विचारलेलं नसताना!

करंट सीटीसी मात्र फुगवू नकोस. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, आणि खोटं निघालं तर हातातली ऑफरही जाते. "करंटवर ३० टक्केच वाढ देतो" असं म्हणाले तर करंटवर वाद घालत बसू नकोस, या रोलमध्ये काय काय करायचंय आणि त्यातलं तू आत्ताच काय करतोस ते सांग, क्लायंट कॉल तू एकटा घेतोस हे तर सांगच, तू ते नेहमी विसरतोस. तुझा नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबायचे दिवस, ३० दिवसांचा आहे, ९० वाल्यांच्या गर्दीत तेही वजनाचं आहे. जॉइनिंग बोनस देऊ म्हणाले तर वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का ते विचार, बहुतेक ठिकाणी लागतो.

ऑफर लेटर आलं की फोनवरच हो म्हणू नकोस, दोन दिवस माग. त्यातलं पगाराच्या ब्रेकअपचं पान मला पाठव, नाहीतर शनिवारी सकाळी ये, चहा घेता घेता वहीत मांडून बघू. वही तुझी आण, माझ्याकडच्या सगळ्या वह्या पोरीने चित्रं काढून भरल्यात.

दादा