बर्लिनला येताना काय आणायचं आणि आल्यावर काय खायचं

तू विचारलंस, "दादा, ऑक्टोबरमध्ये बर्लिनला शिकायला येतोय, शाकाहारी आहे. आई म्हणते एक बॅग खाण्याचीच भरू. काय काय आणू?"

अख्खी बॅग नको. छोटा कुकर, मिसळणाचा डबा, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, बस. तूप, पेढे, खव्याचं काही आणू नकोस; युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. डाळ-तांदूळ, पोहे, कणीक इथल्या भारतीय दुकानांत मिळतं.

आता महत्त्वाचं. आपली बरीच मुलं खोली, विद्यापीठ आणि भारतीय दुकान एवढ्यातच वर्ष काढतात आणि मग म्हणतात, इथे खायला काही मिळत नाही. जर्मन खानावळीत शाकाहारी माणसाची पंचाईत होते, हे खरंय. बटाट्याच्या सूपमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात. पण या शहरात जगभरची माणसं येऊन राहिली आणि त्यांनी आपापल्या चुली इथे मांडल्या. पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे जेवायला जा.

सुरुवात तुर्की बाजारापासून कर. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार पश्चिम जर्मनीत आले, बर्लिनमध्ये त्यांची वस्ती क्रॉइत्सबर्ग-नॉयकोल्न भागात वाढली. तिथे मायबाखउफर नावाच्या रस्त्यावर, कालव्याच्या काठी मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, मिरच्या सगळं मिळतं, आणि संध्याकाळी आवरायच्या वेळी भाव झपाट्याने उतरतात. तिथे ग्योझलेमे खा. बारीक, लांब लाटण्याने हातभर पोळी लाटतात, अर्ध्या भागावर पालक आणि कुस्करलेलं पांढरं चीज पसरतात, घडी घालून मोठ्या तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजतात. गरमच खायचं.

माझं सगळ्यात आवडतं मात्र इथिओपियन जेवण. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी उपास करतात, त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे त्यांचं उपासाचं ताट पूर्ण शाकाहारी आणि भरगच्च असतं. टेफ नावाच्या धान्याचं पीठ आंबवून केलेली मोठी, जाळीदार, आंबूस इंजेरा, तिच्यावर मसूर, कोबी-गाजर, पालेभाजी आणि शिरो. शिरो म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या पिठाचं, लाल मसाल्यात रटरटवलेलं कालवण. पहिल्या घासाला पिठलंच आठवेल तुला. सगळे एकाच ताटातून, हाताने जेवतात. परक्या गावात नव्या मित्रांबरोबर बसायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

सुदानी टपऱ्यांवर फलाफल (वाटलेल्या हरभऱ्याचे तळलेले वडे) किंवा हलुमी चीज शेंगदाण्याच्या सॉसमध्ये देतात, खिशालाही परवडतं. झोनेनआले रस्त्यावर अरबी दुकानांची रांग आहे, तिथला कुनाफा, म्हणजे शेवयांसारखं पीठ आणि चीज यांचं पाकातलं गोड, सोडू नकोस.

व्हिएतनामी जेवणात जरा जपून. पूर्व जर्मनीने 1980 च्या दशकात तिकडून कामगार आणले होते. आज लिश्टेनबर्गमधल्या डोंग शुआन सेंटरमध्ये त्यांचा मोठा बाजार आहे. टोफूची डिश दिसली म्हणून शाकाहारी समजू नकोस, फिश सॉस बहुतेक ठिकाणी असतो. युरोपात ॲलर्जीच्या 14 घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते आणि त्यात मासे येतात. बऱ्याच मेन्यूकार्डांवर पदार्थापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे असतात, त्यांची यादी कार्डाच्या शेवटी पाहा. मांसाचा अर्क मात्र त्या यादीत येत नाही, म्हणून सूप मागवताना तोंडीही विचार: "ओहने फ्लाइश, ओहने फिश?" म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय आहे का?

रविवारी किराणा दुकानं बंद असतात, भाजी शनिवारीच आणून ठेव. खानावळी उघड्या असतात.