तळाशी कोण राहतंय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुण्यातल्या मुठा नदीच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट आला, ऑक्सिजन बरा दाखवलाय. त्यावर एक काका म्हणाले रिपोर्ट सोडा, दगड उलटा करा आणि खाली कोण राहतंय ते बघा. नक्की काय बघायचं? (सिंहगड रोड)

उत्तर: काकांचं बरोबर आहे, पण म्हणून रिपोर्ट खोटा असेल असं नाही हो. आधी विचारा, सॅम्पल घेतलं किती वाजता? सकाळी अकराला ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ जोरात ऑक्सिजन सोडत असतं, बाटलीत आकडा चांगलाच येणार. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढतं, वर नाल्यातून आलेली घाण कुजवणारे बॅक्टेरियाही ओढतात, आणि घाण जास्त असेल तर पहाटे तळाशी जवळपास काही उरत नाही, पण पहाटे चारला बाटली घेऊन कोण जाणार? तळातले किडे मात्र तिथेच असतात, रात्रंदिवस, काही आठवडे ते काही महिने. नाजूक जातीची अळी तिथे वाढलेली दिसली, म्हणजे मधल्या सगळ्या पहाटा तिला निभावल्या.

उथळ वाहत्या पाण्यातला पंजाएवढा दगड उचला, पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन त्यात धुवा आणि मग दोन मिनिटं नुसतं बघत बसा. आधी गाळच दिसतो, मग त्यातला एखादा ‘कण’ सरकायला लागतो. मागे बहुतेक तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले फडफडतायत, ती मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाची अळी. वाळूच्या कणांची बारीक नळी चालायला लागली तर आत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची अळी आहे, ती स्वतःच्या रेशमाने कण चिकटवून घर करते. त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या, जळवा, शंख असं काय काय निघतं, आणि कोण सापडलं यापेक्षा कोण गायब आहे ते जास्त बोलकं असतं.

मार्क द्यायचीही पद्धत आहे, किडा जितका नाजूक तितके मार्क जास्त. ब्रिटनमधली बीएमडब्ल्यूपी, 1980 च्या सुमाराची, प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण. चपट्या मेफ्लायच्या हेप्टाजेनिडी कुळाला 10, जाळं विणणाऱ्या कॅडिसला 5, बीटिडी मेफ्लायला 4 (सगळ्या मेफ्लाय सारख्याच नाजूक नसतात), कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्यांना 2. हे चौघे सापडले तर बेरीज 21, सरासरी 5.25; आकडा जितका जास्त तितकं पाणी बरं. एका कुळाचा किडा एक सापडो की शंभर, गुण एकदाच. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही अशी जैविक पद्धत आहे, त्यात 0 ते 10 गुणांसोबत प्राण्यांची विविधताही मोजतात.

प्रश्न: मी आठवीत आहे. प्रोजेक्टसाठी रामनदीचा चिखल आणला तर त्यात खूप लाल वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. एवढे जीव आहेत म्हणजे नदी चांगली आहे ना? (औंध)

उत्तर: उलटं आहे गं. त्या बहुतेक कायरोनोमस असणार, वर सांगितलेल्या 2 गुणांच्या कायरोनोमिड कुळातल्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तसंच, त्यामुळे अगदी कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. बाकीचे मरतात किंवा निघून जातात, खायला कुजका गाळ भरपूर, वाटेकरी कोणी नाही, मग त्या हजारांनी वाढतात. अळीला डोकं आणि पुढे आखूड पाय दिसले तर कायरोनोमस, नुसता दोऱ्यासारखा किडा असेल तर ट्युबिफेक्स, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून मिळतो तो. त्याचा गट तर 1 गुणवाला. प्रोजेक्टमध्ये जीव किती यापेक्षा प्रकार किती ते लिही, आणि चिखल हाताळताना ग्लोव्हज घाल, घरच्या मोठ्या माणसाशिवाय नदीत उतरू नकोस.

प्रश्न: नेटवरचं इंग्लंडचं स्कोअरकार्ड घेऊन गेलो, त्यात जास्त गुण असलेल्या स्टोनफ्लाय या कीटकाची अळी एकही नाही. नदी मेली समजायची का? (कोथरूड)

उत्तर: नका समजू! स्टोनफ्लाय मुळात थंड पाण्यातली मंडळी, आपल्या दख्खनकडे त्यांचे प्रकारच कमी. तुलना करायची तर मुठेची मुठेशीच करा, म्हणजे धरणांच्या वरच्या अंगाला एखादा स्वच्छ ओढा बघा आणि मग विठ्ठलवाडी, संगम असं खाली या. दोन्हीकडे दगडगोटे आणि वाहतं पाणी असू दे, नाहीतर एकीकडे खडक आणि दुसरीकडे नुसता गाळ, मग फरक प्रदूषणाचा की तळाचा ते कळणार कसं? पावसाळ्यात जाऊ नका, पुराने सगळे किडे वाहून जातात आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बरं. मोजून झालं की किडे परत पाण्यात.

प्रश्न: मेफ्लाय सापडली तर ते पाणी प्यायला चालेल? (वारजे)

उत्तर: अजिबात नाही. रोगजंतूंचा पत्ता किड्यांवरून लागत नाही, त्याची टेस्ट वेगळी असते.